बुधवारची फडफड

८ जानेवारी २०२५, बुधवार

गाडी बडनेऱ्याच्या पुढे बसली! बसली म्हणजे बंद नाही पडली — दम गेला तिचा. अंकुर पाय दाबतोय, आवाज हा मोठा, आणि चाल बैलगाडीची. एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. जाताना त्यानं हातही केला. अंकुरचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

अंकुर माझा नातू. गाडी त्याची, नागपूरच्या एका डॉक्टरनं वापरून सोडलेली, परदेशी. दोनच माणसं बसतात, आणि बसतात कसली, निजतात! आधी डोकं आत घालायचं, मग बूड, मग एकेक पाय हातानं उचलून ठेवायचा. इंजिनाला वारा दाबून भरणारे दोन पंखे आहेत म्हणे. टर्बो. म्हणून ती पळते. पळायची.

दर बुधवारी अंकुर सोलर पंपाच्या कामानं अमरावतीहून अकोल्याला जातो. दुसऱ्या सीटवर मी. गुडघ्यांच्या मालिशीसाठी. घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे.

खरं ते इथे लिहायचं. अकोल्यात डाबकी रोडला अंकुर माझ्यासाठी एक वळसा घेतो. सरळ रस्ता, मग गतिरोधक, गतिरोधकाला लागून मैनाचं घर. तिथे तो पाय उचलतो आणि गाडी ओरडते — फडफडफडफड! कबुतरांच्या खुराड्यात मांजर शिरल्यासारखी. गेले तीन महिने हेच. मैना ओट्यावर असते, रस्त्याकडे पाठ करून. मोतीबिंदूनं तिला हातापलीकडचं दिसत नाही, तरी पाठ! आजही पाठच.

ही वही कृषी केंद्रानं फुकट दिली. मला अक्षर येत नाही. सूनबाई शाळेतून रिटायर झाली, तिला लिहिल्याशिवाय करमत नाही. मी बोलते, ती पुस्तकी करून लिहिते. लिहू दे. पण लोकांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहायचं आणि कोणाला वाचून दाखवायचं नाही, हे कबूल करून घेतलंय. आहे ना कबूल? मान हलवली. बस.

९ जानेवारी

सूनबाई म्हणते रोज काहीतरी लिहायचं असतं. लिही — वांग्याच्या भाजीत मीठ जास्त होतं. भाजी कोणी केली ते लिहू नकोस.

११ जानेवारी, शनिवार

मैनाचं लिहून टाकते.

माझी सख्खी धाकटी बहीण. माहेरचं माणूस म्हणून आता तीच एक उरली. अकरा वर्षं बोलणं नाही.

तिच्या पोरीचं लग्न होतं. आहेरात तिनं मला लुगडं दिलं. उघडून पाहते तर पदराजवळ हळदीचा डाग, वाटाण्याएवढा. अगं, हे तर मीच तिला वास्तूला दिलेलं! डागसुद्धा माझ्याच बोटाचा! दुसरी कोणी असती तर घडी घालून गप्प बसली असती. मी मांडवात वर धरलं. "पाहा वं पाहा, माह्यं लुगडं फिरून माह्याच घरी चाललं!" सगळे हसले. मैनाचे नवे व्याही पण हसले. तेच नडलं.

मैनानं लुगडं माझ्या हातातून हिसकलं. "आता तुह्या दारात पाय ठेवीन तं तुह्या मातीलेच!"

"ये," मी म्हटलं. "पन लुगडं नवं आन."

मातीला म्हणजे मयताला, आणि बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. त्यामुळे मी काय बोलले ते मांडवात सगळ्यांना कळलं. पुन्हा हसले.

वर्षभर मला वाटायचं, काय उत्तर दिलं मी! आता नाही वाटत. ती बहात्तरची, मी अठ्ठ्याहत्तरची. एकदा मान वळवावी तिनं, एवढंच. मी आधी उतरणार नाही. शब्द तिनं टाकला होता.

१४ जानेवारी

तिळाचे लाडू केले. चार वेगळे बांधले. कोणासाठी ते सूनबाईनं विचारलं नाही. शहाणी आहे, कधी कधी.

१५ जानेवारी, बुधवार

लाडू परत आले. पाठच.

मग दिवसभर चंदनच्या गॅरेजात. अकोल्यात ह्या गाडीला हात लावणारा तो एकटाच. इंजिन मागच्या अंगाला असतं, हेही मला आजच कळलं. चंदननं मुठीएवढ्या दोन काळ्या डब्या काढल्या, एकेका पंख्याची एकेक. म्हणाला, डायव्हर्टर व्हॉल्व्ह.

"म्हंजे काय रे?"

"वारा वळवायचं झाकन, आजी. अंकुरभाऊनं पाय उचलला, तं पंख्यानं दाबलेला वारा जाईन कुठं? हे झाकन उघडते अन् त्याले मांगच्या नळीत परत धाडते. याचा पडदा फाटला. झाकन उघडत नाही, वारा उलटा पंख्यावर आपटते. तेच तुमचं फडफड. असंच चालवलं तं एक दिवस पंखाच तुटन."

पक्कडीनं डबी उघडून दाखवली. आतला रबरी पडदा मी उजेडाकडे धरला. मधोमध चीर. अरे, हा तर फवारणी पंपाचा पडदा! तीस वर्षं पऱ्हाटीत, कपाशीत, पंप पाठीवर घेऊन फिरले. पडदा फाटला की सायकलच्या ट्यूबचा कापून बसवायचा.

"कातरी आन," मी म्हटलं. "अन् जुनी ट्यूब."

चंदन खूप हसला. "आजी, हे तुमच्या पंपाचं काम नोहे. इंजिनाच्या गरमीनं आठ दिसात जिलबी होईन त्याची!"

दुसऱ्या डबीतला पडदा बरा होता. अंकुर म्हणाला, मग एकच बदलू. चंदन म्हणाला, नाही, दोन्ही संगच. एक झाकण नवं अन् एक थकलेलं असलं, तर दोन पंखे जोडीनं चालत नाहीत. माझ्या गुडघ्यांचं डॉक्टर हेच सांगतो, दोन्ही संगच बदला. मी ऐकलं नाही. गाडीनं ऐकावं.

आता कोणते घ्यायचे? चंदननं मोबाइलवर तीन जाती दाखवल्या. पहिली, होती तशीच, रबरी पडद्याची. दुसरी धातूची, आत पडद्याच्या जागी दट्ट्या, वर्षातून एकदा ग्रीस लावायचं. दोन्ही मुक्या. वारा आतल्या आत फिरवतात, आवाज नाही. तिसरी वारा बाहेर फेकते. तिचा आवाज त्यानं ऐकवला — फुस्स्स्स! ट्रकचा ब्रेक सुटल्यासारखा. रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली.

"हेच!" मी म्हटलं.

"आजी, ह्या गाडीले ते मानवत नाही," चंदन म्हणाला. "आतमंधी जेवढा वारा गेला तेवढा मोजून कॉम्प्युटर पेट्रोल सोडते. तुमी मोजलेला वारा बाहेर फेकला, तं पेट्रोल जास्त होईन. गचके खाईन. बंद बी पडन."

अंकुर म्हणाला, दुसरीच घेऊ. मी म्हटलं, तिसरी. चंदन चहा आणायला गेला.

१७ जानेवारी

दोन दिवस तेच चाललंय.

"आजी, तुले फुस्स काहून पाहिजे पन?"

"म्हातारीनं काही मांगायची चोरी हाय काय?"

"लोक म्हनतीन, अंकुर म्हातारपनी बिघडला."

"तू चौतीसचा. बिघडायले उशीरच झाला तुले."

त्याला कसं सांगू? फडफड गेली की मैनाला कळणार कसं, मी आले होते ते? ती पाहत नाही. ऐकते की नाही तेही ठाऊक नाही. पण मुक्या गाडीतून तिच्या पाठीमागून चोरासारखं जायचं, तर जायचंच कशाला!

रात्री जेवताना तयार झाला. "आठ दिवस. गचके खाल्ले तं दुसरी बसवीन." आईकडे पाहून म्हणाला, "मी नाई म्हटलं असतं तं ही उपाशी राहिली असती." खोटं. पुरणपोळी होती.

२२ जानेवारी, बुधवार

सूनबाई, आज सगळं लिही. लाज ठेवू नकोस.

सकाळी चंदननं फुस्सवाल्या बसवल्या. डाबकी रोड. "दाब रे!" मी म्हटलं. अंकुरनं दाबली. पाठ सीटला चिकटली माझी. गतिरोधक आला. पाय उचलला —

फुस्स्स्स्स!

काय आवाज! ओट्याखाली निजलेलं कुत्रं उठून पळालं. शेजारणीच्या हातातलं सूप पडलं. मी म्हटलं, आता पाहा मैना!

गचका. आणखी एक गचका. आणि बंद!

मैनाच्या दारासमोर. अगदी समोर. तिथून मला तिच्या ताटातली तूरडाळ मोजता आली असती.

ह्या गाडीत लपायला जागा नाही. तशी मी निजलेलीच होते. पदर तोंडावर घेतला. अंकुर चावी फिरवतोय, गाडी खोकतेय. दार उघडून म्हणतो कसा, "आजी, उतर, पानी तरी मांग." मी म्हटलं, "मेली तरी नाही!"

आणि मैना बोलली. पाठ तशीच.

"कोनाची गाडी मेली वं माह्या दारात?"

शेजारीण सुंदराबाई सूप उचलत म्हणाली, "थेच वं, बुधवारची अमरावतीवाली."

मैना तूरडाळ निवडत राहिली. पाच मिनिटांनी गाडी लागली, आम्ही गेलो.

म्हणजे तिला माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. माहीत असून पाठ!

आवाज जाड झालाय तिचा. अकरा वर्षांनी ऐकला. खोकतेही.

२३ जानेवारी

आज काही नाही.

२४ जानेवारी

आजही नाही. अंकुरला म्हटलं, तुझ्या त्या दट्ट्यावाल्या बसव. "हारली काय?" म्हणाला. भाकरी फेकून मारली. त्यानं झेलली आणि खाल्ली.

२९ जानेवारी, बुधवार

दोन्ही धातूच्या बसल्या. चंदननं नळ्यांचे नवे क्लिप लावले, फुंकून पाहिलं, पुन्हा आवळले. "आता पाहा आजी, लोनी!"

लोणी खरंच. येताना मूर्तिजापूर कधी मागे पडलं कळलंच नाही. ट्रॅक्टर, ट्रक, एस. टी. — सगळे मागे. मी दोन ट्रॅक्टरवाल्यांना हात केला.

पण डाबकी रोडला काहीच नाही. गतिरोधक आला, पाय उचलला, गाडी मांजरासारखी निघून गेली. मैना ओट्यावर होती. आज पाठ नव्हती, बाजू होती. ऊन टाळत असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज तोंड रस्त्याकडे! हातात डाळ नाही, काही नाही, नुसती बसलेली. आम्ही दोन हातांवरून गेलो. तिनं मानसुद्धा हलवली नाही. तशीच पाहत राहिली, आम्ही आलो त्या बाजूला.

कोणाची तरी वाट पाहत होती. ज्याची असेल त्याची.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ओटा रिकामा. दार लावलेलं.

अंकुरला सांगितलं, पुढच्या बुधवारपासून मी नाही. "अन् मालिश?" म्हणाला. मी म्हटलं, "गाडीसंग गुडघे बी सुधरले माह्ये." तो हसला नाही. बोरगावपर्यंत गाडी हळू चालवली.

शब्द तिचा खरा होणार. मी ऐकायला नसेन, एवढंच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी फाटकापाशी रडणं. "बाई वं! मले कोनी सांगतलं बी नाही वं बाई!" एक ऑटोवाला म्हातारीचा हात धरून आत आणत होता. मी ओसरीत चहा पीत होते.

"कोन मेलं वं?" मी विचारलं.

रडणं थांबलं. मैनानं आवाजाकडे मान वळवली.

"तू हायस?"

"हाव."

"तीन बुधवार झाले, गाडी वाजली नाही! आधी माह्या दारात गचकली, मंग आलीच नाही. मी समजली, गेली तू; दार लावून रडत बसली. म्हटलं, तेरवी बी हातची गेली."

"झाकन बदललं गाडीचं."

तिच्या काखेतल्या पिशवीत मी हात घातला. लुगडं. पदराजवळ वाटाण्याएवढा डाग.

"नवं आन म्हटलं होतं," मी म्हटलं.

ती चिडली. "मंग जाऊ काय परत?"

"मातीलेच आली ना? मंग माती होईवर राह्य."