पुढच्या जॉइंटचं ग्रीस

प्रिय भिंगरी,

अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. मला अक्षरं आली नाहीत हे तू सगळ्यांना हसत सांगतेस, पण तुझं ‘सगळं ठीक आहे’ खरं की खोटं, ते मी न वाचताही ओळखते. आईला बजावलंय, की मी सांगेन ते जसंच्या तसं उतरव, मधे स्वतःची अक्कल घालू नकोस. तिने हेसुद्धा लिहिलंय, तोंड वाकडं करून. वर डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तरी तू ‘हो आजी, हो आजी’ करून ठेवून देतेस. कागदाला तसं करता येत नाही. हे पाकीट उद्या सकाळी दुधाच्या गाडीने निघेल आणि संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. परवा तू मधाच्या पेट्या भरून खाली उतरणार. त्याआधी शेवटपर्यंत वाच. भूक लागली असेल तरी वाच.

इकडे सगळे बरे आहेत. तुझा बाप दुखरा पाय स्टुलावर ठेवून खिडकीपाशी घड्याळं उघडून बसलाय. टेबलावर दहा घड्याळं आणि दहा वेळा. जेवायला हाक मारली की जे सगळ्यात मागे असेल तेच खरं, असं त्याचं म्हणणं. तुझ्या आईने पडदे धुतले आणि ते आटले, आता खालून रस्त्यावरचे पाय दिसतात. मी तेच बघत बसते. कुणाचे पाय घाईत आले की मी काठी शोधते. कुणी काही सांगायला तर येत नाही ना, असं वाटतं.

तू चालवतेस ती पिकअप आजोबांनी घेतली तेव्हाच जुनी होती. तिच्याखाली इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा तो लांब दांडा, शाफ्ट, त्याची सेवा माझ्याकडे कशी आली ठाऊक आहे? आजोबांचं पोट गाडीखाली मावायचं नाही. मी तेव्हा काडी होते. चाकांना दगड लावून मी आत सरकायची आणि ते बाहेर उकिडवे बसून हुकूम सोडायचे. त्याला तीन जॉइंट, म्हणजे सांधे, प्रत्येकाला ग्रीस भरायचं बोंडाएवढं निपल. चारी बाजूंनी जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीसची गन मारायची. शाफ्टला गुंडाळलेलं गवत, तारा काढायच्या. शाफ्ट काढलाच तर छिन्नीने मारलेले दोन ठिपके परत समोरासमोर यायला हवेत, नाहीतर सगळी गाडी थरथरते. मला वाचता आले ते तेवढेच दोन ठिपके. मागचा आणि मधला जॉइंट गरीब, लगेच सापडतात. पुढचा मात्र लबाड. त्याचं निपल बहुतेक वेळा वर तोंड करून लपलेलं असतं. गाडी हातभर पुढे ढकलली, शाफ्ट अर्धा फिरला, की ते खाली येतं. म्हणजे या कामाला माणसं दोन लागतात. एक ढकलायला आणि एक आत जायला.

आता सोमवारचं सांगते. तू गाडीखाली होतीस आणि मी ओट्यावर. गनचा आवाज मी मोजला. मग तू काळे हात पुसत बाहेर आलीस आणि म्हणालीस, “झालं, आजी.” पण गाडी जागची हलली नव्हती, भिंगरी. तुला मदतीला कुणी बोलावल्याचंही मला ऐकू आलं नाही. तू गाडी घेऊन वर निघून गेल्यावर काठी टेकत शेडमध्ये गेले. जिथे पुढचा जॉइंट असतो, बरोबर तिथे फरशीवर चिमूटभर लाल भुकटी होती, मिरपुडीसारखी बारीक. बोटावर घेऊन चोळली. तो गंज होता. जॉइंट आतून कोरडा पडला की तो अशी भुकटी टाकतो. तेव्हापासून मी अर्ध्या ताटावरून उठते. आईला वाटतंय मीठ जास्त झालं.

तुला तेव्हाच का थांबवलं नाही, ते आता सांगते, आणि त्यासाठीच हे पत्र. ही भुकटी मी आधी एकदा पाहिली होती. तू पाळण्यात होतीस. तुझी आई मला म्हणाली होती, की ग्रीसच्या हातांनी स्वयंपाकाला शिवू नका. मला राग आला. तीन दिवस मी तिच्याशी बोलले नाही, मग गाडी ढकलायला तिला कशी बोलावणार? मागचे दोन जॉइंट केले, पुढचा सोडला. निघताना तुझ्या बापाने विचारलं, “आई, शाफ्टचं ग्रीस झालं ना?” मी म्हणाले, “झालं.” आणि भुकटी झाडूने लोटून टाकली. उतारावर पुढचा जॉइंट तुटला, शाफ्ट रस्त्यात रुतला आणि गाडी उलटली. त्याचा पाय तेव्हापासून दुखरा. मिस्त्रीने कारण मला एकटीला सांगितलं. मी त्याला गप्प केलं. सगळे म्हणाले, तो वेगात होता. तुझी आई चोवीस वर्षं त्याला तेच सुनावते. शेवटी त्यालाही ते खरं वाटायला लागलं. सोमवारी तुला गाडी ढकल म्हटलं असतं तर तू ‘का’ विचारलं असतंस, मग हे सगळं सांगावं लागलं असतं, आणि आई दारातच होती. इथे तिचा हात थांबला. पेन ठेवून ती बाहेरच्या खोलीत गेली. दारातून दिसलं, ती तुझ्या बापाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. त्याने विचारलं, काय गं, वेळ काय झाली बघायला आलीस का? ती परत आली, खाली बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढे सांगा.” म्हणून सांगते. पेट्या भरू नकोस. वरच्या मिस्त्रीला बोलाव. जॉइंट हाताने हलवून बघ. हलला किंवा लाल दिसला, तर नवा बसवल्याशिवाय गाडी जागची हलवू नकोस. शाफ्टखाली लोखंडी कडं लावून घे, म्हणजे तुटला तरी तो रस्त्यापर्यंत पोचणार नाही. पेट्या आठवडाभर थांबतील, मधमाश्यांना मी समजावेन. आणि झालं का असं कुणी विचारलं, तर झालं असेल तरच झालं म्हण.

खाली अंगठा ग्रीसचाच उठवलाय, डब्यातलं शिल्लक होतं. आईने या वेळी हात धुवा म्हटलं नाही.

तुझी वाट बघत खिडकीत बसलेली,
तुझीच आजी