ब्लॅकलिस्टमधून सुटका

मंगळवार, बिबवेवाडी

आज कंपनीचं ईमेलचं डोमेन स्पॅम पाठवणाऱ्यांच्या ब्लॅकलिस्टमधून निघालं. आनंद व्हायला हवा होता. काहीच वाटलं नाही.

संक्रांतीला साहेबांनी तिळगुळाचं ते नाचणारं चित्र, प्रदर्शनांत जमवलेल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर मेल करायला लावलं. मी नको म्हणालो होतो. ऐकलं असेल का त्यांनी? निम्मे पत्ते बंद पडलेले. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी स्पॅम म्हणून तक्रार केली. आमचं डोमेन त्या यादीत गेलं आणि तेव्हापासून आमची कोटेशनंसुद्धा गिऱ्हाइकांना न पोचता परत यायला लागली. एक जुनं गिऱ्हाईक त्यातच गेलं.

"शुभेच्छांना कोण स्पॅम म्हणतं हो?" साहेब मलाच विचारत होते.

यादीतून निघायचं तर काय चुकलं आणि काय सुधारलं, हे यादी चालवणाऱ्यांना कळवावं लागतं. मी लिहिलं, जुने पत्ते काढून टाकले, यापुढे न विचारता कोणालाही मेल जाणार नाही. खाली माझं नाव घातलं.

संध्याकाळी साहेबांना सांगितलं, सुटलो.

"वा! मग आता पाडव्याचं चित्र शोधा. आणि अहो, मागच्या वेळी काही पत्ते राहिले होते, तेही घ्या."

मी बरं म्हटलं. गुढी नाचणारी हवी का, तेवढं विचारून घेतलं.