बावीसपैकी बावीस

३ जून १९१२, सोमवार. मुक्काम जामसर.

आज प्रौढ लोकविद्यालयाचे उद्घाटन झाले. उद्घाटक मी, अध्यक्ष मी, आभारही मीच मानले. जागा म्हणजे जुने भाताचे कोठार. उंदीर आहेत, पण हवेशीर आहे. पाड्यात घरे बावीस, आणि मोजून बावीस माणसे आली! जव्हारात सगळे म्हणत होते, भास्करराव, तिथे काळं कुत्रं फिरकायचं नाही. आता बोला म्हणावं.

माझ्या सव्वा तासाच्या भाषणाचा हा परिणाम. काल शिपायाने दवंडी दिली होती म्हणे, पण त्या गृहस्थाला एकच दवंडी पाठ आहे: दरबारचा हुकूम, घरटी एक माणूस, चुकेल त्याची खैर नाही. असल्या दवंडीने का कोणाला विद्येची ओढ लागते?

पाड्याचा म्होरक्या लाडक्या याने घरवार नावे सांगितली. मी रजिस्टरात चढवली. फागू, पोश्या, बाळ्या, रंगू, ढवळू इत्यादी.

संकल्प: 'विद्यालयाची थोरवी व कामगिरी' हा रिपोर्ट आजपासूनच लिहायचा. रोज दहा ओळी. वर्षअखेर ग्रंथ तयार.

५ जून

चष्म्यावर बसलो. माझ्याच चष्म्यावर. दुरुस्तीला जव्हारला, घरी सौ. कुसुमावतीकडे पाठवला. ती मुंबईला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती देईल. तोवर काही अडत नाही. चार हातांवरचे सगळे व्यवस्थित धूसर दिसते. शिक्षकाने तोंडे पाहायची नसतात, रजिस्टर पाहायचे असते.

रिपोर्ट: शीर्षक लिहिले. अक्षर उत्तम आले.

११ जून, मंगळवार

हजेरी बावीसपैकी बावीस. आठवडाभर एकही गैरहजर नाही. पुण्याच्या कॉलेजांनी इथे येऊन शिकावे.

फागूचे मात्र नवल वाटते. काल त्याने पहिला धडा घडाघडा म्हटला. आज पाटी उलटी धरून बसला. 'ग' कोणता विचारले तर म्हणाला, माहीत नाय. एका रात्रीत विसरला! मी रागावलो नाही. मॅट्रिकला तीनदा बसलेल्या माणसाला विसरणे म्हणजे काय ते पास झालेल्यांपेक्षा जास्त कळते.

धडे मात्र टाइमटेबलप्रमाणे पुढे जाणार. कोणासाठी थांबणे नाही.

२ जुलै. दुपारी

आवण्या, म्हणजे भाताची लावणी, चालू आहेत. सगळा पाडा खाचरात, पण माझे बावीस जागेवर. शेतीपेक्षा विद्या मोठी, हे एका महिन्यात बिंबवले.

एक बाई येते. सकू नाव. बायकांसाठी हे विद्यालय नाही, तसे सांगितले. ती म्हणाली, ढवळूच्या घरची. म्हणजे नवऱ्याची भाकरी घेऊन येत असणार. दारात बस म्हटले. ढवळू स्वतः फार लाजाळू. खांबाच्या आड बसतो, मला अजून दिसलेला नाही. नाव पुकारले की दारातून तीच 'हजर' म्हणते. नवऱ्याच्या वतीने बायकोने बोलणे मला पसंत नाही, पण आमच्याही घरी तेच आहे. असो.

रिपोर्ट: अर्धी ओळ.

१४ ऑगस्ट

फागू बराच लहान दिसू लागला आहे. आवाजही पातळ झाला. विद्येने माणूस टवटवीत होतो, हे ऐकून होतो. आता डोळ्यांनी, म्हणजे जवळजवळ डोळ्यांनी, पाहिले. उलट पोश्या या महिन्यात एकदम म्हातारा झाला. अभ्यासाचा ताण.

सकू जमिनीवर बोटाने रेघोट्या ओढत बसते. सारवण उकरले जाते. ताकीद दिली. आता हवेत ओढते.

९ ऑक्टोबर, बुधवार

जव्हारहून कागद आला. पाच डिसेंबरला तपासनीससाहेब येणार. काम समाधानकारक दिसले तर पुढल्या सालापासून विद्यालयाचे कॉलेज, आणि मी प्रिन्सिपॉल! न दिसले तर बंद. हे दुसरे वाक्य उगाच रीत म्हणून घालतात.

सोबत कुसुमावतीचे पत्र. कांतीलालशेठ आपल्या भाताच्या वखारीत माझ्यासाठी जागा जानेवारीअखेरपर्यंत धरून ठेवणार आहेत. मॅट्रिक झाले, पोस्ट झाले, छापखाना झाला, आता हे शेवटचे, असे तिने लिहिले आहे. शिवाय चष्मा ज्यांच्याकडे दिला ते मुंबईऐवजी सुरतेला गेले.

वखार! पोत्यांवर शिक्के मारायला मी जन्मलो नाही. पत्राला उत्तर म्हणून फक्त 'प्रिन्सिपॉल' एवढाच शब्द लिहून सही केली.

८ नोव्हेंबर

चष्मा आला. उद्या घालीन.

९ नोव्हेंबर, शनिवार

नंबर चुकीचा बसवला आहे. हजेरीला 'फागू' म्हटले तर दहा वर्षांची मुलगी उठली. नाकात मोरणी, कडेवर भाऊ. मी चष्मा पुसला. मुलगीच. 'पोश्या' म्हटले तर एक दात नसलेली आजी. 'बाळ्या' म्हटले तर दोघे उठले, मग आपसात बोलून एक बसला.

दुपारी चार. लाडक्याला बोलावून विचारले. त्याने अगदी शांतपणे सांगितले. साहेब आला की सामान वाहायचे, रस्ता करायचा, गवत कापून द्यायचे, मजुरी नाही. दवंडी हीच, घरटी एक माणूस. मग घरातला जो मोकळा असेल तो पाळीने जातो. खरा फागू जूनमध्येच दोन दिवस येऊन गेला, आता तो वसईकडे मिठागरावर आहे. मग लाडक्या म्हणाला, "मास्तर, ही बसायची वेठ. आमाला आवडते. डोक्यावर काय घ्यावा लागत नाय."

पाच महिने. एकशे तीस दिवस मी वेठ घेत होतो. जेवलो नाही.

१० नोव्हेंबर. सकाळी

झोप झाल्यावर विचार स्पष्ट झाला. घाबरण्याचे काही एक कारण नाही! नावे बावीस, पण शिकलेली माणसे शंभरावर. बाराव्या धड्याला जो आला त्याला बारावा येतो, तेराव्याला आला त्याला तेरावा. सबंध पाडा मिळून एक पूर्ण साक्षर माणूस होतो. जगात कुठल्या कॉलेजने हे केले आहे? रिपोर्टात कलम पहिले हेच.

तरी लाडक्याला म्हटले, इन्स्पेक्शनपर्यंत तीच तीच बावीस माणसे पाठव. तो म्हणाला, मग त्यांच्याच मानेवर सगळी वेठ येईल, बरोबर दिसणार नाही. त्याला न्यायबुद्धी फार.

संकल्प: रोज पाच तास जादा शिकवणे. उद्यापासून.

२ डिसेंबर

उद्यापासून.

५ डिसेंबर, गुरुवार

लिहावेसे वाटत नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

तपासनीस दहाला आले. भला माणूस, दम्याचा त्रास. हजेरी बावीसपैकी बावीस. त्यांनी मान डोलावली. मग पुस्तक उघडून एकाला बारावा धडा वाचायला सांगितले. तो म्हणाला, बारावा पोश्याच्या आजीला येतो, ती आज घरी आहे. साहेबांनी विसावा धडा काढला. विसावा येणारा गवताला गेला होता. सातवा ज्याला येतो तो समोर बसला होता, पण सातवा त्यांनी विचारलाच नाही! मी दोनदा सुचवूनही. माणसाचे नशीब असते.

मी कलम पहिले समजावून सांगितले. साहेब खोकत राहिले.

मग त्यांनी रजिस्टर चाळले आणि विचारले, सगळ्यांची हजेरी आता पाळीची धरली, तरी रोज येणारा एखादा तरी आहे का? मी म्हणालो, ढवळू, एकशे एकावन्न दिवस. त्याच्यासाठी बक्षीस म्हणून मी स्वतःचे लग्नातले पागोटे आणले होते. साहेबांनी नाव पुकारले. दारातून सकू उठली, म्हणाली, हजर. साहेबांनी विचारले, ढवळू कुठे आहे? लाडक्याने सांगितले, तीन साल झाली, रानात झाड अंगावर पडून मेला. घर त्याच्या नावाचे, म्हणून नाव.

सकू पुढे येऊन काही तरी बोलू लागली, "मला येतंय, मास्तर..." मी तिला डोळ्यांनी दटावले आणि खाली बस म्हणून खूण केली. साहेबांसमोर बायकांनी मध्ये बोलणे बरे दिसत नाही. ती बसली.

निघताना साहेब अगदी हळू म्हणाले, "मास्तर, तुमच्या विद्यालयात रोज येणारा विद्यार्थी एकच, आणि तो मेलेला आहे."

पागोटे परत पेटीत ठेवले.

२४ डिसेंबर

साहेबांचा सूर एकंदरीत अनुकूल होता. कॉलेजच्या पाटीचा नमुना काढला. 'प्रिन्सिपॉल' मोठ्या अक्षरात.

१३ जानेवारी १९१३, सोमवार

हुकूम आला. शिपाई म्हणाला, पाड्याला वाचून दाखवायचा आहे. सगळे कोठारासमोर जमले. पहिली ओळ वाचली आणि माझा घसा बसला. दोन दिवस सर्दी होतीच. कागद हातात धरून नुसता उभा राहिलो.

सकूने माझ्या हातातून कागद घेतला.

आणि वाचला. सावकाश, बोट ठेवून, एकेक शब्द. "मौजे जामसर येथील प्रौढ लोकविद्यालय, विद्यार्थ्यांची प्रगती काहीच न आढळल्यामुळे, या महिनाअखेर बरखास्त करण्यात येत आहे." 'बरखास्त'वर अडली, तोंडातल्या तोंडात जुळवला, मग तोही सुटला. तारखेसकट वाचला. खालची सहीसुद्धा लावली, जी मला लागली नव्हती.

पाड्याला एवढेच कळले की वेठ सुटली. मी रदबदली करून सोडवली, असा त्यांचा समज झाला. लाडक्याने नागलीची टोपली आणून माझ्या पायाशी ठेवली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. मला इतका मान आयुष्यात कोणी दिला नव्हता, आणि मला तो नकोसा झाला.

सकूला विचारले, कधी शिकलीस? ती म्हणाली, "रोज तर आल्ये. माझ्या घरात पाळीला दुसरा कोण हाय?"

ती वाचून दाखवायला पुढे आली होती आणि मी तिला खाली बसवले. पाच डिसेंबरला, साहेबांसमोर, मी. याला सबब नाही. शोधून पाहिली.

१४ जानेवारी

सामान बांधताना सकू आली. रजिस्टरात ढवळूचे नाव दाखवा म्हणाली. मग म्हणाली, दाखवू नका, मी काढते. पाने उलटून काढले. नावावर बोट ठेवले आणि ओळीने पुढे नेत गेली. हजर, हजर, हजर. महिना संपला की पुढचे पान.

"इतके दिस आला," ती म्हणाली.

मी हो म्हटले.

त्यातले एक पान मिळेल का, असे तिने विचारले. मी सांगितले की रजिस्टर सरकारी दप्तर आहे, पान फाडता येत नाही, तसा नियम आहे. ती बरं म्हणाली. जाताना कोठार झाडून गेली.

१७ जानेवारी. जव्हार.

रजिस्टर जमा करायला कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने उघडलेही नाही. कोपऱ्याकडे बोट केले. तिथे जुन्या कागदांचा ढीग होता, खालच्या थराला वाळवी. मी वर ठेवून आलो.

एक पान फाडले असते तर कोणाला कळणार होते? अख्खे दिले असते तरी कळले नसते. रस्त्याने घरी येईस्तोवर हेच मनात. परत गेलो तर दार बंद झाले होते.

१९ जानेवारी, रविवार

कुसुमावतीने विचारले, एवढ्या महिन्यांत झाले काय तिथे? मी म्हटले, रिपोर्ट पूर्ण झाला की सविस्तर कळेल. वही काढली. शीर्षकाखाली लिहिले: एक बाई वाचायला शिकली. पुढे कलम दुसरे लिहायला बसलो. दिवे लागले तरी सुचले नाही. कोणाला पाठवायचा, तेही ठरेना.

२० जानेवारी, सोमवार

कांतीलालशेठच्या वखारीत पहिला दिवस. सकाळी सातला मुनीम हजेरी घेतो. माझे नाव अजून चढवलेले नाही. शिक्के मारणारा आधीचा रघ्या गणपतीत पळून गेला, त्याचीच ओळ चालू आहे. चष्म्यावरून माझ्याकडे न पाहताच मुनीमाने पुकारले, रघ्या.

दोनदा पुकारले.

मी म्हणालो, हजर.