आमच्या कोपऱ्यावर बंद होणारं पाणी

ता. ४ मार्च
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचा खोकला सोडला तर आम्ही ठीक. गल्लीत घोट्यापर्यंत धूळ आहे. दवाखान्याचे पांढरे कोट शिवते, तर मशीनवरून उतरायच्या आतच राखाडी होतात. तुझा पालिकेचा टँकर सगळीकडे रस्त्यावर पाणी शिंपडत येतो आणि नेमका आमच्या कोपऱ्यावर कोरडा होऊन धूळ उडवत निघून जातो. शेजारणी विचारतात, सख्खाच भाऊ ना तुझा? मी सांगते, कॉक बिघडलाय. खरंच बिघडलाय ना रे?

दोन महिने तू घरी फिरकला नाहीस. आई मात्र हॉर्न वाजला की दारात उभी. माझा लेक चाललाय म्हणते, आणि तू मान वळवशील तर शपथ! एवढा मोठा साहेब झालास होय?

लोभ आहेच, तो वाढव. पाणीही.
तुझी बाळी

ता. ९ मार्च
चि. बाळीस,
अ. उ. आ.

कॉक धडधाकट आहे. मीच बंद करतो. मी बहिणीच्या दारात दोन-दोन फेऱ्या मारतो, असं जानेवारीत मुकादमाने सगळ्या ड्रायव्हरांसमोर ऐकवलं. खोटं नव्हतं ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून, आपण कुणाचे लाड करत नाही हे दाखवायला, तुमचीच गल्ली कोरडी सोडली. मग तेच तोंड घेऊन घरी कसा येऊ?

आई मला दिसते गं. मान वळवत नाही, पण आरशात बघतो. माझ्याच चाकांच्या धुळीत ती दिसेनाशी होते आणि मी गाडी थांबवत नाही. फार लाज वाटते. काल मुकादमाला सगळं सांगून टाकलं. उद्यापासून गल्ली भिजेल. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

अजून मायेला पात्र असेन, तर ती राहू दे.
दादा

ता. १४ मार्च
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गल्ली भिजली. कोट पांढरे राहिले, आईचा खोकलाही उतरला. शेजारणींनी तुझं तोंडभरून कौतुक केलं आणि मलाच खाली बघावं लागलं. कॉकची थाप माझी होती.

पण टँकरवर दुसराच ड्रायव्हर. तो म्हणाला, तू स्वतःहून रस्ता बदलून घेतलास.

तू पाणी बंद करतोस हे आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नेमका आमच्या कोपऱ्यावर पाण्याचा आवाज थांबतो, हे तिला घरात कळायचं. मग धुळीत कशाला उभी राहायचीस, असं मी विचारलं. म्हणाली, तेवढाच तो दिसायचा.

आजही हॉर्न वाजला, ती दारात गेली. धूळ नव्हती, लांबपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं. टँकर जाईपर्यंत उभी राहिली आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

लोभाचं आल्यावर बोलू. टँकर नको, पायी ये.
बाळी