किशोरदादासाठी वाचलेल्या कादंबऱ्या

प्रिय किशोरदादा,

लहान मावसभावाचा दंडवत घे. तुझी तब्येत उत्तमच असणार, कारण मावशी सांगत होती की तू हल्ली सकाळी पळतोस (कोणी मागे लागलेलं नसताना). इकडे आईचे गुडघे ठीक, बाबांचा आवाज ठीक, माझं डोकं सोडलं तर अमरावतीत सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण फोनवर मी चिडतो आणि तू 'मीटिंग आहे' म्हणून ठेवून देतोस. कागद तुला तसा ठेवता येणार नाही (येईल, पण मला दिसणार तर नाही). म्हणून हे पत्र पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे.

तर तुझं काम. येत्या रविवारी तू अकोल्याला मुलगी पाहायला येणार, मुलीच्या बायोडाट्यात 'आवड : वाचन' असं लिहिलेलं, आणि तू शेवटचं पुस्तक वाचलं ते दहावीत, तेही गाईड. म्हणून तू हुकूम सोडलास की चंदू, तू रिकामाच आहेस, हल्ली गाजून राहिलेल्या कादंबऱ्या वाच आणि तिच्यासमोर काय बोलायचं ते लिहून पाठव. पहिली गोष्ट, मी रिकामा नाही, मामाच्या कृषी केंद्रात गल्ल्यावर बसतो. दुसरी, कॉलेज मी सोडलं नाही, फक्त वर्गातून उठून गेलो. सर म्हणाले होते की कादंबऱ्या वाचणारी पोरं आयुष्यात काही करत नाहीत. माफी मागितल्याशिवाय ते वर्गात घेत नव्हते आणि मी मागत नव्हतो, त्यात दुसरं वर्ष निघून गेलं. तिसरी गोष्ट अशी की ही मुलगी, आचल, माझ्याच वर्गात होती. आम्ही ओळखतो एकमेकांना. बस, इतकंच. (इतकंच नाही, पण सध्या इतकंच धर.)

आता कादंबऱ्या. नावं लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? पहिली ती ऐतिहासिक, जाडजूड, जी सध्या लोक लग्नात आहेर म्हणून देतात. तिच्यातला राजा जे बोलतो ते ढगांकडे पाहून. तलवार म्यानातून निघायला अख्खं प्रकरण लागतं. मी गल्ल्यावर बसून वाचत होतो, तलवार अर्धी बाहेर आलेली, आणि तेवढ्यात वलगावचे नत्थुजी तुरीवर फवारायचं औषध मागायला आले. मी म्हटलं, थांबा जरा. बिचारे थांबले. चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला. मग म्हणाले, 'काय झालं बापा, कोनी मेलं का त्याच्यात?' मी ओरडलो, 'नाही ना काका, तेच तर! कोनी मरूनच नाही राहिलं!' 'मंग अळी तरी मार न बापा, माही तूर खाऊन राहिली ते.' मामाने त्या दिवशी कादंबरी जप्त केली, त्यामुळे तलवारीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तुला विषय काढायचाच असेल तर 'लेखकाचं संशोधन दांडगं आहे' असं म्हण. न वाचणारे सगळे हेच म्हणतात.

दुसरी आपल्या भागातली म्हणून उत्साहाने घेतली. एक बाई नवऱ्याला कंटाळून सेमाडोहच्या जंगलात येते आणि तिथे तिला स्वतःचा शोध लागतो. वाघ तिला पहिल्या सकाळी दिसतो, दुसऱ्या सकाळी दिसतो आणि तिसऱ्या सकाळी तिच्या डोळ्यांत पाहतो. आपण जिप्सीत बसून गेलो होतो ना दादा, काय दिसलं? एक वानर, तेही तुझा चिवडा घेऊन गेलं. वर ह्याच कादंबरीत ऐन पेरणीच्या दिवसांत बाया कापूस वेचायला जातात! माझं टाळकं सरकलं. मी लेखकाला लिहिलं की असं बियाणं कुठे मिळतं ते कळवा, मामा दुकानात ठेवायला तयार आहेत. अजून उत्तर नाही.

पण खरा जीव जाळला तो तिसरीने. सगळा महाराष्ट्र तिच्यावर रडून राहिला आहे. दोन भाऊ, मुलगी एकच. धाकट्याचं तिच्यावर प्रेम, आणि थोरल्याचं तिच्याशी लग्न जमत असतं. तर हा धाकटा काय करतो? हसतमुखाने बाजूला होतो, वरातीत नाचतो आणि शेवटच्या पानावर नदीकाठी एकटा उभा राहतो. काहून? नदीकाठी काय ठेवलं आहे? मी ते पान वाचलं आणि पुस्तक भिंतीवर फेकलं (मग उचललं, ग्रंथालयाचं होतं).

अकोल्याला महिन्यातून एकदा वाचकांचा कट्टा भरतो. आचल तिथे असते, मीही एसटीने जातो (साहित्यासाठी, मामाला तसंच सांगितलं आहे). गेल्या वेळी नेमकी हीच कादंबरी होती. एक निवृत्त प्राचार्य डोळे पुसत म्हणाले, त्याग हा प्रेमाचा कळस आहे. मला बसवेना. उभा राहिलो आणि म्हटलं, 'सर, याले त्याग नाही म्हनत, बुळेपना म्हनते! आमच्या इकडे वावराचा धुरा वीतभर सरकला तं भाऊ भावाले कोर्टात नेते, अन् हा अख्खी पोरगी देऊन राहिला?' बोलता बोलता हात फिरला आणि टेबलावरचा पाण्याचा जग प्राचार्यांच्या मांडीवर. त्यांनी थंडपणे नाव विचारलं. चंद्रभान, मी सांगितलं. सगळा कट्टा हसला. (आजोबांचं नाव आहे, मला अभिमान आहे. पण हल्लीच्या एकाही कादंबरीत नायक चंद्रभान नसतो. नायक अर्णव असतो आणि चंद्रभान त्याच्या बंगल्याचं फाटक उघडतो.)

एकटी आचल हसली नाही. बसस्टँडपर्यंत सोबत आली आणि म्हणाली, 'कादंबरी तुले काही कळत नाही, चंदू. पन तुहा राग मले बरा वाटते.' आणि वळून चालू लागली. आता ह्याचा अर्थ काय लावायचा? मी त्या विचारात जी एसटी पकडली ती शेगावची निघाली. गजानन महाराजांचं दर्शन घेऊनच परतलो. तेव्हापासून बसलो की उभं राहावंसं वाटतं, उभा राहिलो की चालावंसं, आणि चालायला लागलो की पाय अकोल्याच्या रस्त्याला लागतात. आणि अशात तुझा फोन येतो की चंदू, मुलगी पाहायला येतो, तयारी करून दे!

असो. मावशीला आणि काकांना नमस्कार पोचवशील. तुझं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं, फक्त अकोल्यात नको.

तुझा (अजून तरी तुझाच)
चंद्रभान

ता. क. : तू हुशार आहेस, तरी उघडच लिहितो. रविवारी येऊ नकोस. ताप आला म्हण, अमेरिकेचा कॉल आहे म्हण. यावंच लागलं तर तिला सांग की ती तिसरी कादंबरी तुला फार आवडली आणि नदीकाठच्या पानावर तू ढसाढसा रडलास. मग ती तुला नकार देईल असा माझा अंदाज आहे. मी त्या धाकट्यासारखा नाही, दादा. तुझ्या वरातीत मी नाचणार नाही.

आणखी ता. क. : पाकीट बंद करण्याआधी आचलला फोन लावून हे सगळं वाचून दाखवलं. भाषा कशी उतरली ते विचारायचं होतं. वाचता वाचता लक्षात आलं की हे मी तिला आजवर सांगितलेलंच नाही, पण तोवर जग प्राचार्यांच्या मांडीवर पडला होता, थांबता येईना. संपल्यावर ती म्हणाली, 'सांगाचं होतं मले, अन् लिवलं भावाले?' आणि लगेच पुढे, 'अन् मी कोनाले नाही म्हनाचं, हेही तुमीच ठरवून राहिले? त्याले येऊ दे रविवारी. काय सांगाचं ते मी माह्या तोंडानं सांगीन. तू सोमवारी ये, तुह्या मायले घेऊन.' मी भीत भीत विचारलं, पोहे मिळतील का? 'रविवारचे उरले तं.'

तेव्हा दादा, पहिला ता. क. रद्द समज. ये. पुस्तकं वाचत नाही असं खरंखरं सांग. फक्त तो निळा शर्ट घालून येऊ नकोस. त्यात तू चांगला दिसतोस.