डावी टाकी

विलारू, २८ नोव्हेंबर १९८८

चि. व्हर्नला अ. उ. आ.

तुझी पाठ अजून धरलेलीच आहे हे वाचून वाईट वाटलं, पण नवल नाही वाटलं. दोन आठवडे ट्रकखाली उताणा पडून होतास, तेव्हाच म्हटलं होतं की तू त्या नव्या इंजिनासारखा नाहीस, ट्रकासारखा जुना आहेस. इंजिन मात्र एका चावीत सुरू होतं हं! बर्टचा सव्वीस वर्षांचा, आग विझवायचा ट्रक आणि त्यात ठोकलेल्या नव्या गाडीचं इंजिन. माझा नवरा बर्ट आज असता तर आधी तुला शिव्या घातल्या असत्या आणि मग तोच ट्रक गावभर मिरवला असता.

आता खरं ते लिहिते. माझं पेट्रोल कोणीतरी चोरतंय. उजवी टाकी आगीसाठी काठोकाठ भरलेली ठेवायची आणि शनिवारची फेरी डाव्या टाकीवर मारायची, हा बर्टचा नियम तुला ठाऊक आहे. शुक्रवारी मी डावीत साठ लिटर होतील एवढं भरते, शनिवारी कुंपणाच्या कडेने तासभर फिरून येते. रविवारी चर्चहून आल्यावर काठी घालून बघते, तर वीस लिटर! तासात चाळीस लिटर प्यायला हा ट्रक आहे की विमान? तीन रविवार झाले, दर वेळी बरोबर वीसच. मेला मापून चोरतो. शेडमध्ये पेट्रोलचा भपकारा येतो, ट्रकाची उजवी कूसही ओली दिसते. घाईत सांडत असणार.

आणि धुळीत पावलं आहेत. एक नीट उमटलेलं, दुसरं ओढलेलं. पाय ओढत चालणारा इथे एकच माणूस आहे, पलीकडच्या शेतातला क्लॅरी. लिहितानाही हात जड होतो रे. पण गहू उभा आहे, डिसेंबरचा उन्हाळा तोंडावर आहे, उत्तरेचा वाळवंटातला वारा तापलाय, आणि आगीच्या दिवशी टाकी कोरडी निघाली तर मी शेतासकट जळेन.

पाठ शेकत जा. म्हातारीवर माया आहे तशी राहू दे.

तुझी,
ईनिड

*

डेव्हनपोर्ट, ५ डिसेंबर १९८८

ती. ईनिडताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चहा तसाच निवला. आधी माझ्या कामाबद्दल शंका नको म्हणून सांगतो. जुन्या इंजिनाला पेट्रोल थेंब थेंब चालायचं. नव्याला दाबाने लागतं, म्हणून विजेचा पंप बसवला, नळ्या सगळ्या नव्या घातल्या. पंप गरजेपेक्षा फार जास्त ढकलतो आणि उरलेलं एका बारीक पाइपातून परत टाकीत येतं. एवढं सगळं करून मी थेंब गळू दिला असेल? चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय, ताई.

तेव्हा चोरच. आणि क्लॅरीचं म्हणशील तर मला जराही आश्चर्य नाही. ज्या माणसाने मला मेंढ्यांना घाबरणारा कुत्रा विकला, तो काहीही करील. सरळ तुमच्या दोघांच्या शेतांमधल्या फाटकाला कुलूप ठोक. रस्त्याने आला तर तुझी कुत्री भुंकतील.

तुझा स्वभाव भोळा, म्हणून काळजी वाटते. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा,
व्हर्न

*

विलारू, १२ डिसेंबर १९८८

चि. व्हर्नला अ. उ. आ.

शुक्रवारी कुलूप लावलं. लावताना चोरासारखी मीच इकडेतिकडे बघत होते. उन्हाळ्यात इथे शेताशेतांमधलं फाटक कोणी बंद करत नाही हे तुला सांगायला नको. आग आली की माणसं, मेंढ्या, ट्रक, सगळं त्यातूनच निघतं. बर्टने मला जन्मात माफ केलं नसतं.

काल बघते तर डावीत काठीचं नुसतं टोक ओलं! वीससुद्धा नाहीत. म्हटलं, कुलपाचा राग काढला. पण पाऊल एकही नाही, व्हर्न. शेडसमोरची धूळ मी स्वतः झाडून ठेवली होती, तिच्यावर फक्त माझ्या कोंबडीचे पाय. आता मला पाद्रीबाबांचाही संशय यायला लागलाय.

आज दुकानात क्लॅरी भेटला. टोपी काढली, फाटकाबद्दल अवाक्षर नाही. फक्त विचारलं, की माझा ट्रक बरा आहे ना, आणि माझी तब्येत बरी आहे ना. आणि वर माझ्याकडे टक लावून बघत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! घरी येऊन मी रडले. बर्टच्या अंत्यविधीला याच माणसाने माझ्या मेंढ्या चार दिवस पाहिल्या होत्या.

काही सुचत नाही. तू तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ईनिड

*

डेव्हनपोर्ट, १६ डिसेंबर १९८८

ती. ईनिडताईस सा. न. वि. वि.

सकाळी फोनवर ओरडलो, त्याची माफी. पण ट्रक सुरू करू नकोस हे तुझ्या कानात शिरायलाच हवं होतं. का, ते आता शांतपणे लिहितो.

तुझ्या कोंबडीने मला पकडलं. माणूस आला नाही आणि टाकी तरी रिकामी, मग पेट्रोल गेलं कुठे? काल अंथरुणात पडल्या पडल्या पाइप मनात मोजत होतो, आणि ताडकन उठून बसलो. सीटखालचा टाकी बदलायचा जुना कॉक मी तसाच ठेवला होता. कुठल्या टाकीतून ओढायचं एवढंच त्याला कळतं. जुन्या इंजिनाकडून परत काही यायचंच नाही, त्यामुळे परतीचा विचार त्याला कधी करावाच लागला नव्हता. आणि मी गाढवाने परतीचा पाइप उजव्या टाकीला कायमचा जोडून टाकला. म्हणजे तू डावीवर फिरतेस, पंप डावीतून उपसतो, इंजिन चार घोट पितं आणि बाकीचं सगळं उजवीत जातं. उजवी आधीच काठोकाठ. मग ते झाकणातून बाहेर, ट्रकाच्या कुशीवरून, तापलेल्या सायलेन्सरच्या वीतभर अंतरावरून खाली. आगीच्या ट्रकाला मीच आग लावायला बसलो होतो, ताई.

ओढणारा आणि परतीचा, दोन्ही पाइप एकदम बदलणारा कॉक पार्सलने पाठवतोय. मी मागोमाग येतो, पाठ गेली खड्ड्यात. तोवर फक्त उजवीवर, आणि तेही आग आली तरच.

दर रविवारी ते वीस लिटर उरायचे कसे, ते मात्र मला सुटत नाही. टाकी पार कोरडी व्हायला हवी होती.

शिव्या दे, हव्या तेवढ्या. पण भावाला टाकू नकोस.

तुझा,
व्हर्न

*

विलारू, २१ डिसेंबर १९८८

चि. व्हर्नला अ. उ. आ.

शिव्या तू आलास की समोर देईन, कागदावर मावत नाहीत.

तुझा फोन ठेवला आणि तशीच चप्पल घालून फाटकाकडे गेले. कुलपाची किल्ली हातात. पलीकडच्या अंगाला, खांबाच्या सावलीत, गोणपाटाखाली एक कॅन होता. वीस लिटरचा, भरलेला. झाकण उघडून वास घेतला, पेट्रोलच. वीस लिटर, व्हर्न! चोर नेत नव्हता रे. चोर आणून ओतत होता.

आणि फाटकाच्या वरच्या दांडीला, त्याच्याच बाजूने, साखळी तोडायचा लांब दांड्यांचा कटर तारेने टांगून ठेवला होता. नीट तेल लावलेला. माझं कुलूप त्याने केव्हाही तोडलं असतं. बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तशीच त्याच्या घरी गेले. दारात उभी राहून सगळं सांगितलं, चोर समजले तेही. त्याने मला आत बोलावून खुर्ची दिली. मग म्हणाला, की उन्हाळ्यात रविवारी तो सगळ्यांचे ट्रक बघून जातो, बर्टबरोबर बघायचा तसा. माझी डावी टाकी दर वेळी कोरडी दिसायला लागली, तेव्हा त्याला वाटलं ईनिडला आता भरायची आठवण राहत नाही. हे तोंडावर कसं सांगायचं, म्हणून मी चर्चला असताना गुपचूप ओतायचा. आणि फाटकाला कुलूप बघितल्यावर तर त्याची खात्रीच पटली, की माझं डोकं गेलं. म्हणून दुकानात तसा निरखून बघत होता! मी चोर शोधत होते, तो वेडी शोधत होता. हसताना दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कटर मी परत द्यायला नेला होता. तो घेईना. म्हणाला, की फाटकावरच राहू दे, उत्तरेचा वारा सुटला की मला किल्ली सापडेल न सापडेल, आणि त्याला मला तिथे अडकून पडू द्यायचं नाहीये. कुलूप मी तळ्यात फेकलंय, तरी कटर पुन्हा होता तिथेच टांगलाय.

तू येशील तेव्हा त्या फाटकातून ये, आणि आधी त्याच्या दारी जा. कुत्र्याचं तो विसरलाय. तूही विसर. माझी माया तुझ्यावर आहेच, त्यातली थोडी आता पलीकडे गेली तर हेवा करू नकोस.

तुझी,
ईनिड