भिक्खुणीच्या दारातले काळे बूट

मुनगोक, ३ नोव्हेंबर १९९८

चि. जंगसुकला ताईचे अनेक आशीर्वाद.

किमचीसाठी कोबी मिठात घातला. तुझी बरणी वेगळी ठेवते. धरणाचं भांडण चालूच आहे. आमच्या बायकांची धरणविरोधी सभा चालवणाऱ्या हेवोन भिक्खुणींचा नवा नियम ऐक: सभेत बोलायचं असेल त्या बाईने पहाटे एकशे आठ वेळा जमिनीला डोकं टेकायचं. राग गिळू नका, पण त्याला सभेत बोलूही देऊ नका, असं त्या म्हणतात. माझे गुडघे बोलतात आणि मी गप्प!

पण काल मठाच्या पायरीवर त्यांच्या रबरी चपलांशेजारी धरणाच्या साहेबाचे काळे बूट दिसले. दोन तासांनी परतले तरी तिथेच. मला काही हे बरं दिसत नाही. बाबांची नाशपातीची बाग बुडाली तर मी जाऊ कुठे?

ममता आहेच, वाढो.
तुझी ताई, ओकनिम

सोल, ९ नोव्हेंबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू भोळी ती भोळीच! कुठेतरी पाणी मुरतंय. तुम्ही राग सोडलात तर फायदा कुणाचा, एवढं तरी बघ. गोड बोलून गळा कापणाऱ्या बायका मी इथे रोज बघते. तिला भर सभेत उघडी पाड. साहेबाने तिला काही कागद दाखवले का, तेवढं मात्र उलट टपाली कळव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी जंगसुक

मुनगोक, २० नोव्हेंबर

जंगसुक,

तुझं ऐकलं. एकही नमस्कार न घालता सभेत उभी राहिले आणि तुम्ही विकल्या गेलात, असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. बायकांनी माझीच री ओढली. भिक्खुणींनी बोचकं उचललं आणि गाव सोडून गेल्या.

मग तावातावाने धरणाच्या कचेरीत जाऊन जमिनी देण्याच्या संमतीचे कागद मागितले. बाबांनी दोघींना ठेवलेल्या बागेच्या कागदावर, तुझ्या नावापुढे, सहीच्या जागी तुझा लाल शिक्का. सप्टेंबरातला. साहेब म्हणाला, भिक्खुणी दोन तास एकच विनवत होत्या: हे नाव गावात वाचू नका, धाकटी स्वतः ताईला सांगेल, तिला वेळ द्या.

आणि तू मला त्यांच्याच अंगावर सोडलंस.

उद्या त्यांना शोधायला निघते. तुझं नाव अजून कुणाला सांगितलेलं नाही. आज तोंड उघडलं तर तुझं माहेर कायमचं तुटेल, एवढा संताप आहे. तो निवेपर्यंत इकडे येऊ नकोस.

लोभ आहे. तो असाच राहावा, असं मात्र आज लिहवत नाही.

ओकनिम